जिल्ह्याचा इशारा, वाडीचा पाऊस



जून उजाडला की रेडिओवर आणि टीव्हीवर एक वाक्य रोज ऐकू यायला लागतं. ‘कोकणात बहुतेक ठिकाणी पाऊस पडेल, घाटमाथ्यावर तुरळक ठिकाणी अतिमुसळधार पावसाची शक्यता.’ वर्षानुवर्षं ऐकून हे वाक्य कानाला इतकं सवयीचं झालंय की ते संपेपर्यंत आपला हात रिमोटवर गेलेला असतो. आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत ‘हवामान आणि नैसर्गिक आपत्ती’ असा भला मोठा छापला आहे. मी मात्र या एका वाक्याभोवतीच फिरणार आहे. हे वाक्य नीट ऐकता आलं, तर बरंचसं हवामानशास्त्र आपोआप हाती लागतं.

यातला एकही शब्द हवामान खात्यानं सैलपणे वापरलेला नाही. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी फार तर पाव केंद्रांवर. ‘बहुतेक ठिकाणी’ म्हणजे पाऊणपेक्षा जास्त केंद्रांवर. ‘मुसळधार’ म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलीमीटर, ‘अतिमुसळधार’ म्हणजे तिथून पुढे २०४.४ पर्यंत, आणि त्याच्याही वर गेला की ‘अत्यंत मुसळधार’. आपल्याला ही विशेषणं वाटतात, पण प्रत्येकामागे आकडा आहे.

आता घाटमाथ्यावरच्या एखाद्या वाडीत बसून हे वाक्य ऐकणाऱ्या माणसाचा विचार करा. त्याचा प्रश्न अगदी साधा आहे : त्या तुरळक ठिकाणांत मी आहे का? आणि अंदाजाला नेमकं हेच सांगता येत नाही. अंदाज जिल्ह्याचा असतो, आपत्ती वाडीवर येते. माझ्या मते हवामान समजून घेण्यातली खरी अडचण या दोहोंमधल्या अंतरात आहे. खात्याला नावं ठेवून ते अंतर कमी होत नाही.

आधी मोजमापाचं सांगतो, म्हणजे पुढचे आकडे हवेत राहणार नाहीत. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. त्या हिशेबानं १०० मिलीमीटर पाऊस झाला की एका एकरावर चार लाख लिटर पाणी पडतं. मे महिन्यात ज्या गावात दहा हजार लिटरचा टँकर येतो, त्या गावानं हे आकडे टँकरमध्ये मोजावेत : चाळीस टँकर, एका एकरावर, एका दिवसात. दुसरी गोष्ट वेळेची. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि त्या दिवसाच्या नावावर आदल्या चोवीस तासांचा पाऊस लागतो. त्यामुळे काल दुपारी आपण भिजलो तो पाऊस आजच्या तारखेला दिसतो. वर्तमानपत्रातले आकडे आणि आपली आठवण यांचं भांडण पुष्कळदा एवढ्याचसाठी असतं.

एका जिल्ह्यात पाऊस किती बदलतो, याचं उदाहरण साताऱ्याइतकं चांगलं दुसरं नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो. घाट उतरून बत्तीस किलोमीटरवरच्या वाईत या, तिथे हजाराच्या आत. आणखी पूर्वेला माण-खटावकडे गेलात तर पाचशेच्या आसपास. समुद्रावरून येणारे ओले वारे सह्याद्रीला धडकून वर चढतात, वर गेले की थंड होतात, बाष्पाचे थेंब होऊन ढग होतात आणि डोंगराच्या पश्चिम अंगावर रिकामे होतात. पलीकडे उतरणारी हवा पुन्हा तापते आणि कोरडी होते. शाळेत हे सगळ्यांनी पाठ केलंय. ‘सातारा जिल्ह्यात सरासरी अमुक मिलीमीटर पाऊस’ अशी बातमी वाचताना मात्र ते आपल्याला आठवत नाही. ती सरासरी महाबळेश्वरची नसते आणि माणमधल्या दहिवडीचीही नसते. बरं झालं, आता हवामान खातं पुणे, सातारा, कोल्हापूर यांच्या घाटभागाला वेगळा इशारा देतं. हे फार पूर्वी व्हायला हवं होतं.

डोंगर असेल तर फरक निदान ठरलेल्या जागी पडतो. सपाटीवर तोही भरवसा नाही. २६ जुलै २००५ च्या त्या मंगळवारी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पावसाची नोंद झाली आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात ७३. मुंबई तीच आणि दिवसही तोच. मंत्रालयाच्या परिसरात ज्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं असेल, त्याला जुलैतला एक साधा पावसाळी दिवस दिसला असेल. तेव्हा कुर्ला-कालिना भागात मिठी नदी घरांत शिरत होती, आणि भरती असल्यामुळे ते पाणी समुद्रात जायला वाट नव्हती. शहरात जागोजागी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले गेले ते त्यानंतर. शहराला एक पाऊस नसतो, हे कळायला एवढी किंमत मोजावी लागली.

मग अंदाज अधिक बारीक का करत नाहीत? करताहेत. मोठमोठे संगणक पृथ्वीच्या वातावरणाचे चौकोनी तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याचं तापमान, दाब, वारा, बाष्प पुढे पुढे मोजत जातात. हा चौकोन पूर्वी बारा किलोमीटरचा होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं विकसित केलेली आणि २०२५ च्या मे महिन्यात वापरात आलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सहा किलोमीटरच्या चौकोनावर काम करते. जगाच्या मानानं ही फार बारीक जाळी आहे. पण सह्याद्रीत सहा किलोमीटरच्या चौकोनात काय काय मावतं? एक डोंगर, एक दरी, दोन ओढे, चार-पाच वाड्या. संगणकाला ते सगळं मिळून एकच ठिकाण.

पुण्यात बोलतो आहे म्हणून जाता जाता एक सांगतो. १८६४ चं कलकत्त्याचं चक्रीवादळ आणि १८६६ व १८७१ साली दगा दिलेला पाऊस यांच्यामुळे इंग्रज सरकारला जाग आली आणि १८७५ साली भारतीय हवामान खातं सुरू झालं. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तीही १८७५ मध्येच. खात्याचं मुख्यालय पुढे शिमल्याला गेलं, तिथून १९२८ साली पुण्याला आलं, आणि शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून ‘शिमला ऑफिस’च म्हणतात. तिथून निघालेला अंदाज चुकला की त्याची टिंगल करण्याचा मानही गेली शंभर वर्षं पुणेकरांकडेच आहे.

अंदाजांत आणखी एक गल्लत होते, ती थोडक्यात सांगतो. एप्रिलमध्ये जाहीर होतो तो मोसमाचा अंदाज : ‘यंदा सरासरीच्या १०५ टक्के’ वगैरे. ही सरासरी साऱ्या देशाची आणि चार महिन्यांची असते, १९७१ ते २०२० या काळावरून काढलेली, ८७ सेंटीमीटर. धान्यकोठारं, धरणं, व्याजदर यांचा विचार करणाऱ्यांना ती उपयोगाची. जालन्याच्या शेतकऱ्याला तिचा काही उपयोग नाही. त्याला हवं असतं ते एवढंच, की पेरल्यावर पंधरा दिवस पाऊस दडी मारणार का? म्हणूनच कृषी खातं सांगत असतं, ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. आणि तो पाऊस आपल्या शिवारात झाला पाहिजे, बातमीत नव्हे. मृगाचं वाहन बेडूक आहे की म्हैस, हे पंचांगात बघायला माझी हरकत नाही. पण जमिनीत ओल किती खोल गेली, ते एकदा कुदळ मारूनही बघावं.

शिवाराचा पाऊस आणि कागदावरचा पाऊस यांचं भांडण पैशाचंही आहे. २४ तासांत ६५ मिलीमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी, असा आपल्याकडे नुकसानभरपाईचा निकष. आणि हे मोजणारं केंद्र महसूल मंडळाचं. एका मंडळात अनेक गावं. केंद्रावर चाळीस मिलीमीटर नोंदले गेले आणि पाच किलोमीटरवरच्या शिवारातलं सोयाबीन पाण्यात बुडालं, तर पंचनामा कशाच्या आधारे करायचा?

आता दरडींकडे येतो. घाटात अंदाज आणि वाडी यांच्यातलं हे अंतर माणसांच्या जिवावर उठतं.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, १५१ माणसं गेली. बाहेरच्या जगाला हे कळलं ते एस.टी.च्या एका चालकामुळे. रोजच्या वळणावर गाडी आणली तर पुढे गावच नव्हतं. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये. ऐंशीच्या वर माणसं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची इर्शाळवाडी. तिथं पोचायला रस्ता नव्हता, बचावपथकं रात्री पावसात पायी चढून गेली. रायगड जिल्ह्याला त्या दिवशी पावसाचा इशारा होता. दरडप्रवण गावांची यादीही शासनाजवळ होती. त्या यादीत इर्शाळवाडी नव्हती.

दरड पडते कशी? आपला काळा दगड हजारो वर्षांच्या ऊन-पावसानं वरून कुजत जातो. कुजलेल्या मुरमाचा आणि मातीचा जाड थर घट्ट कातळावर तिरका बसलेला असतो. पहिल्या पावसाचं पाणी तो थर पिऊन घेतो. आठ-दहा दिवस झड लागली की तो तुडुंब होतो, आणि खाली कातळ असल्यानं पाण्याला उतरायला जागा राहत नाही. मग मातीच्या कणांमधलं पाणी त्या कणांना एकमेकांपासून दूर ढकलायला लागतं. थर जड होतो आणि त्याची पकड सुटते. अशा वेळी दोनशे मिलीमीटरचा एक दिवस पुरतो. हाच दोनशे मिलीमीटर पाऊस कोरड्या जूनमध्ये पडला असता तर कदाचित काहीच झालं नसतं. म्हणून आजचा इशारा पिवळा आहे की लाल, एवढंच बघून डोंगराखालच्या माणसाचं भागत नाही. गेल्या आठवड्यात एकूण किती पडला, याची बेरीज त्याच्याजवळ हवी. इर्शाळवाडीच्या परिसरात आधीच्या तीन दिवसांत मिळून पाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस झाला होता. माळीणनंतर वाद झाले, उताराचं सपाटीकरण कारण की झाडतोड की नुसता पाऊस. ते वाद तज्ज्ञांनी करावेत. भेग पडलेली मात्र तज्ज्ञाशिवायही दिसते. डोंगरावर नवी लांब भेग, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं, वाहता झरा अचानक थांबणं, विजेचे खांब किंवा झाडं कलणं, घराचं दार चौकटीत अडकायला लागणं : यातलं एक जरी दिसलं तर सामान न आवरता निघायचं.

तळियेवर दरड कोसळली त्याच सुमारास महाबळेश्वरला काय झालं, तेही बघण्यासारखं आहे. २३ जुलैच्या सकाळी साडेआठला तिथे मागच्या चोवीस तासांचा ५९४ मिलीमीटर पाऊस मोजला गेला. पठारावर पडलेलं हे पाणी दोन अंगांना वाहतं. पश्चिमेला सावित्री कडा उतरून काही तासांत महाडला पोचते. पूर्वेला कृष्णा आणि कोयना लांबचा रस्ता धरतात, आणि सांगलीच्या आयर्विन पुलाला ते पाणी भिडायला दिवस-दोन दिवस लागतात. महाडला मिळतात तास, सांगलीला दिवस. सांगलीकर पुलावरची पातळी फुटात मोजतो, चाळीसला इशारा आणि पंचेचाळीसला धोका. कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्याचे एकोणचाळीस आणि त्रेचाळीस फूट विसरत नाही. जिल्ह्याचा इशारा आपल्या घराच्या भाषेत आणण्याचं काम या माणसांनी कधीच केलेलं आहे. पाणी किती फुटांवर आलं की गोठा सोडायचा, हे त्यांना सांगावं लागत नाही. दरडीखालच्या वाडीला असा पूल नाही.

विजेबद्दल दोनच वाक्यं, कारण ती सगळ्यात बारीक जागेवर येते. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना तीननं भागा म्हणजे अंतर किलोमीटरात मिळेल, आणि दहाच्या आत आलं तर पक्क्या घरात जा. झाडाखाली नको, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेरही नको.

हे सगळं बदलत्या हवामानामुळे बिघडलंय का, असं कुणीतरी विचारणारच. काही भाग स्पष्ट आहे. हवा एक अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. पुण्यातल्याच शास्त्रज्ञांच्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्याचं दिसलं. अरबी समुद्र तापतो आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि पिढ्यांनी वाढवलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पण एखाद्या दरडीवर ‘हवामानबदल’ असं लेबल लावून मोकळं होणं मला पटत नाही. तसं केलं की यादीतून वाडी कशी सुटली, हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही.

आता पावसाळ्याआधी करण्यासारखं सांगतो. पर्जन्यमापक विकत घ्यायलाच हवा असं नाही. सरळ, उभ्या भिंतीचं कुठलंही भांडं उघड्यावर, झाडापासून आणि पागोळ्यांपासून लांब ठेवा. तोंड लहान असो की मोठं, तळाशी साठलेल्या पाण्याची उंची म्हणजेच पाऊस. बुडाशी निमुळतं होणारं भांडं तेवढं चालणार नाही. सकाळी साडेआठला पट्टीनं मोजायचं, ओतून टाकायचं, शाळेच्या फळ्यावर मिलीमीटर लिहायचे, आणि शेजारी मागच्या सात दिवसांची बेरीज. डोंगराखालच्या वाडीनं जूनच्या पहिल्या ग्रामसभेतच ठरवावं की बेरीज कितीवर गेली की रात्री शाळेत किंवा देवळात झोपायला जायचं, आणि म्हाताऱ्या माणसांना उचलून कोण नेणार. तो आकडा प्रत्येक डोंगराचा वेगळा असेल. पहिल्या वर्षी तो तलाठ्याला आणि गावातल्या जुन्या माणसांना विचारून ठरवावा लागेल, पुढे आपल्याच नोंदी बघून सुधारता येईल. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा फोन १०७७ आहे. तो आकड्याशेजारीच लिहून ठेवा.