प्रकाशाचे माप आणि शिकणाऱ्याचे माप



कामगार चळवळीतल्या माणसाने छायाचित्रणावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण यंत्राचे उघडे दाते, गळके छप्पर यांचा पुरावा चित्रावाचून उभा राहत नाही. म्हणून आमच्या अभ्यासवर्गात आम्ही हा विषय घेतो.

नवशिक्याला आम्ही एकच नियम देतो. लख्ख उन्हात छिद्र १६ वर ठेवा आणि फिल्मच्या वेगाचा आकडा झडपेला द्या. वेग १०० असेल तर सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग. ऊन मंदावले तर छिद्र ११, सगळे ढगाळ असेल तर ८. दर पायरीला प्रकाश दुप्पट होतो. एवढ्यावर पहिले चित्र निघते, आणि पहिले चित्र निघाले की माणूस दुसऱ्या दिवशीही वर्गाला येतो. कारणमीमांसा तेव्हा सांगावी.

अनुभवी माणसाचे उलट असते. त्याचा हात बसलेला असतो आणि प्रकाशमापकावर त्याची श्रद्धा असते. परंतु मापक समोरचे सारे मध्यम करड्या रंगाचे धरून चालतो. पांढऱ्या सदऱ्या-टोप्यांतली पन्नास माणसे ओळीने उभी करा. तो पांढऱ्याला करडे करावयास जातो आणि त्या ओढीत सावळे चेहरे काळेठिक्कर पडतात. सदरे दिसतात, माणसे दिसत नाहीत! अशा वेळी त्याच उन्हात आपला तळहात धरून त्याचे माप घ्यावे आणि एक पायरी प्रकाश अधिक द्यावा. कारण तळहात, मग तो कोणाचाही असो, मध्यम करड्याहून सुमारे एक पायरी उजळ असतो.

अमेरिकेत अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास झोन पद्धती बांधली. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पायऱ्या पाडायच्या, आणि कोणती वस्तू कोणत्या पायरीवर बसवायची हे मापकाने नव्हे, माणसाने ठरवायचे. जाणत्याला हे शिकवावेच. नवशिक्याला पहिल्या दिवशी शिकवाल, तर तो कॅमेरा ठेवून घरी जाईल.

आज मोबाइल आपणच माप घेतो. तरी पुष्कळदा पडद्यावर बोट टेकवून चेहरा त्याला दाखवून द्यावा लागतो.

तेव्हा आमचे म्हणणे इतकेच : नवशिक्याला आधी कृती द्या, मग कारण, जाणत्याला कारण द्या आणि त्याची कृती त्यालाच तपासू द्या. दोघांना एकच धडा देणारा शिक्षक पांढरे-काळे न पाहणाऱ्या त्या मापकासारखाच होय.