नांवानिशीं आलेलें नोकरीचें पत्र

पदवी घेऊन वर्ष उलटलेला मुलगा घरांत बसून असतो, वडिलांच्या निवृत्तीची तारीख जवळ आलेली असते, आणि अशांत एके सकाळीं ई-मेलच्या पेटींत एक पत्र येऊन पडतें. आरंभींच मुलाचें संपूर्ण नांव. त्याच्या महाविद्यालयाचा उल्लेख. शेवटच्या वर्षीं त्यानें केलेल्या प्रकल्पाचें नांवही बिनचूक. एका नामांकित कंपनीनें त्याची निवड केली आहे, वेतन अपेक्षेच्या दीडपट आहे, आणि होकार मात्र ४८ तासांच्या आंत कळवावयाचा आहे. घरांत पेढ्यांची गोष्ट निघते. एखाद्यानें शंका काढलीच, तर वडील मंडळी म्हणतात, "अहो, त्यांना एवढी माहिती आहे; तें खोटें कसें असेल?" श्रोतेहो, लबाडाचें सारें गणित याच प्रश्नावर उभारलेलें असतें.

ही माहिती त्याला मिळाली कोठून? बहुधा त्या मुलानेंच ती दिलेली असते. नोकरी शोधणारा तरुण आपला बायोडाटा पांच-सात संकेतस्थळांवर ठेवतो, लिंक्डइनवर आपलें शिक्षण, अनुभव, छायाचित्र सारें मांडतो. न मांडून तरी त्यानें काय करावें? एप्रिल २०२१ मध्यें लिंक्डइनच्या सुमारें ५० कोटी सदस्यांची म्हणून माहिती विक्रीस निघाल्याचें उघडकीस आलें. कंपनीनें खुलासा केला तो असा कीं, ही घरफोडी नव्हे. निरनिराळ्या ठिकाणीं उघड असलेली माहिती कोणीतरी वेंचून एकत्र केली आहे. उमेदवाराच्या दृष्टीनें हा खुलासा चोरीच्या बातमीहूनही काळजीचा म्हटला पाहिजे. लग्नाच्या मुलाची पत्रिका दहा घरीं फिरते. ती ज्याच्या हातीं पडली तो कांहीं तेवढ्यानें सोयरा ठरत नाहीं.

पूर्वीं अशीं पत्रें त्यांतील अशुद्ध इंग्रजीवरून ओळखावीं, असें सांगत असत. तो सल्ला आतां निरुपयोगी झाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें हाताशीं आल्यापासून लबाडाचें इंग्रजी पुष्कळदां खऱ्या कचेरीच्या इंग्रजीहून नेटकें असतें. तेव्हां व्याकरण सोडून पत्ता तपासावा. पत्रावर पाठविणाराचें जें नांव ठळकपणें दिसतें, तें त्याचें त्यानेंच घातलेलें असतें. त्या नांवावर बोट ठेवलें म्हणजे मागचा पत्ता दिसतो. त्यांतला 'ॲट'च्या खुणेनंतरचा भाग शेवटाकडून वाचीत यावें. 'डॉट कॉम'च्या लगत अलीकडे जें नांव असेल, तोच त्या घराचा मालक. कंपनीच्या नांवाला आडव्या रेघेनें 'करिअर्स' किंवा 'जॉब्ज' असें शेपूट जोडलेलें आढळल्यास तें निराळें घर समजून चौकशी करावी; असें नांव थोडक्या पैशांत कोणासही नोंदवितां येतें. रोमन लिपींतील 'आर' आणि 'एन' हीं अक्षरें शेजारीं शेजारीं लिहिलीं कीं घाईंत तीं 'एम'सारखीं भासतात. या युक्तीला चष्मा लावून वाचणारेही बळी पडतात.

पत्ता बरोबर दिसला तरी निर्धास्त होऊं नये, कारण पत्ताही बनावट घालतां येतो. खात्रीचा मार्ग पत्राच्या बाहेरूनच जातो. पत्रांतला दुवा दाबूं नये, पत्रांतला दूरध्वनि फिरवूं नये. कंपनीचें संकेतस्थळ स्वतः शोधून उघडावें आणि तेथील क्रमांकावर विचारावें कीं, अशी जागा आहे काय, आणि या नांवाचे गृहस्थ आपल्याकडे आहेत काय? असें विचारल्यानें नोकरी जाईल ही भीति व्यर्थ आहे. खरी कंपनी चौकशीनें रागावत नाहीं.

पैशाच्या मागणीविषयीं फार बोलावयास नको. अनामत, नोंदणी, लॅपटॉपची ठेव, प्रशिक्षण. नांवें बदलतात, आणि "रक्कम परत मिळेल" हें वाक्य मात्र बदलत नाहीं. त्याहून घातक मागणी निराळीच आहे. कंपनीचे पैसे उमेदवारानें आपल्या खात्यांत घेऊन पुढें पाठवावयाचे, हेंच कित्येकदां 'काम' म्हणून सांगितलें जातें. ते पैसे दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीचे असतात, आणि पोलिस प्रथम येतात ते खातेदाराच्या दारीं.

बेकारच तेवढे फसतात असें मात्र कोणी समजूं नये. स्काय मेव्हिस या व्हिएतनाममधील संगणकीय खेळांच्या कंपनींतील एका अनुभवी अभियंत्याला लिंक्डइनवरून दुसरीकडची जागा देऊं करण्यांत आली. मुलाखतींच्या फेऱ्या झाल्या, भरघोस वेतनाचें नेमणूकपत्र पीडीएफच्या रूपानें आलें. ती कंपनीच अस्तित्वांत नव्हती. प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार, ती फाइल उघडतांच हेरगिरीची आज्ञावली कचेरीच्या यंत्रणेंत शिरली. मार्च २०२२ मध्यें ६० कोटी डॉलरांहून अधिक किंमतीचें आभासी चलन नाहींसें झालें; अमेरिकेच्या एफबीआयनें हें कृत्य उत्तर कोरियाच्या लाझारस टोळीचें असल्याचें जाहीर केलें.

कांहींना याहूनही मोठी किंमत मोजावी लागली. थायलंडमधील नोकरीचें आमिष दाखवून माहितीतंत्रज्ञान जाणणाऱ्या तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्यें डांबण्यांत येतें, असा इशारा भारताच्या परराष्ट्र मंत्रालयानें सप्टेंबर २०२२ मध्यें दिला. मार्च २०२५ मध्यें त्या सीमाभागांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना विमानांनीं मायदेशीं आणावें लागलें. अशा अड्ड्यांत त्यांना काम दिलें जातें तें संगणकावरून इतरांना फसविण्याचें! परदेशच्या नोकरीसाठीं मध्यस्थ असेल, तर त्याची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहतां येते. पर्यटक-व्हिसावर नोकरीला पाठवूं म्हणणाऱ्यास दारांतूनच निरोप द्यावा.

इतकें करूनही कोणी फसलाच, तर तत्काळ बँकेस कळवून १९३० या राष्ट्रीय साह्य-क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसा एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत सरकत असतो. तो अडविण्याची आशा पहिल्या कांहीं तासांतच अधिक. परंतु हे तास बहुधा वाया जातात, कारण मुलगा घरीं सांगतच नाहीं. वडिलांच्या निवृत्तीच्या तोंडावर पैसे घालविले, हें कोणत्या तोंडानें सांगावें? मग तो पत्र, पावत्या, व्हॉट्सॲपवरील संभाषण, सारें पुसून टाकतो. आणि पोलिसांना तपासासाठीं नेमकें तेंच हवें असतें.