कुलूप सगळ्यांना द्या, पत्ता जपून द्या

मी औशातून बोलतोय. मागच्या भागात आपण पीजीपी बघितलं, म्हणजे ईमेलला कुलूप कसं लावायचं ते. आज त्याच्या पुढचा प्रश्न: ही सार्वजनिक की इंटरनेटवर टाकली, तर स्पॅम वाढतो का?

सार्वजनिक की म्हणजे उघडं कुलूप. ते कुणीही घ्यावं आणि तुम्हाला पाठवायच्या मेलला लावावं. उघडणार फक्त तुमच्या खासगी चावीनं. अनोळखी माणसालाही हे कुलूप सापडावं म्हणून कीसर्व्हर असतात. पण कुलपाला सहसा तुमचं नाव आणि ईमेल पत्ताही चिकटलेला असतो. खरी अडचण तिथंच आहे.

जुने एसकेएस सर्व्हर आलेली की तपासायचे नाहीत. तुमच्या नावाची की दुसरा कुणीही टाकू शकायचा. एका सर्व्हरवर गेलेली की बाकीच्यांवर आपोआप पोचायची आणि पुन्हा पुसता यायची नाही. वर सगळा साठा एकगठ्ठा डाउनलोड करता यायचा. स्पॅमवाल्याला आणखी काय पाहिजे? जून 2019 मध्ये रॉबर्ट हॅन्सन आणि डॅनियल कान गिलमोर या दोन जाणकारांच्या कीवर कुणीतरी हजारो खोट्या सह्या ओतल्या. त्याही पुसता येईनात.

आता तुम्ही म्हणाल, स्पॅम तर फिल्टर अडवतोच की! साधा स्पॅम अडतो. पण नाव आणि पत्ता जोडीनं मिळाला, की तुमच्या नावानं हाक मारणारा फसवा मेल लिहिणं सोपं होतं. आणि कायद्याचंही ऐका. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात एक अपवाद आहे. जी माहिती तुम्ही स्वतःच जाहीर केली, तिला हा कायदा लागू होत नाही.

सरकारी वेबसाइटवर ईमेलमध्ये चिन्हाच्या जागी कंसात ‘ॲट’, ‘डॉट’ लिहिलेलं तुम्ही बघितलं असेल. पत्ते गोळा करणाऱ्या प्रोग्रामला चकवायचा तो उपाय.

मग की टाकायचीच नाही का? तसं नाही. पत्रकार, कार्यकर्ते, सॉफ्टवेअर लिहिणारी पोरं, यांची की लोकांना सापडलीच पाहिजे. फक्त जागा बघून टाका. ‘कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग’ हा सर्व्हर 2019 पासून आहे. तिथं तुमच्या मेलवर आलेली लिंक तुम्ही उघडल्याशिवाय पत्ता शोधात येत नाही. शोधणाऱ्याला पूर्ण पत्ता आधीच माहीत असावा लागतो. आणि नको वाटलं, तर तुमचा पत्ता काढूनही टाकता येतो.

कीसाठी वेगळा ईमेल ठेवा. बँकेचा, कॉलेजचा पत्ता तिथं नको. आणि चार मित्रांशीच बोलायचं असेल, तर सर्व्हर कशाला? की थेट त्यांनाच पाठवा.

ॲपमध्ये की बनवताना ‘कीसर्व्हरवर प्रसिद्ध करायची का?’ असं विचारलं, तर घाईत ‘हो’ दाबू नका. आधी कुठं जाणार ते वाचा. भेटू पुढच्या भागात!