आकाशाची पाळी



मघाशी फलटणच्या या व्याख्यानमालेत दीपप्रज्वलन चालू असताना डोक्यावरून लढाऊ विमान गेलं आणि पुढच्या रांगेतली पोरं मांडवाबाहेर पळाली. त्यांना कुणी रागावू नका. हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून मी चौतीस वर्षं नोकरी केली, पण आवाज आला की माझीही मान अजून वर जाते. (हशा)

पत्रिकेत विषय छापलाय ‘लष्करी सराव आणि नागरी विमानवाहतूक’. रडार म्हणजे काय, टॉवर म्हणजे काय, हे सांगण्यात वेळ घालवत नाही, ते तुम्ही सिनेमात पाहिलंय. विमान उडण्याआधी त्याला हवाई संरक्षणाचा मंजुरी क्रमांक घ्यावा लागतो, तेही पेपरात येतं. मला बोलायचंय ते एकाच गोष्टीवर, आणि ती पुस्तकात सापडत नाही.

पुण्याला लोहगावात लढाऊ आणि प्रवासी विमानांना धावपट्टी एकच. तिच्यावरून सुखोई उडतात आणि तिच्यावरूनच तुमचा मुलगा दिल्लीला जातो. त्याच्या वैमानिकाला ‘निघा’ म्हणणारा आवाज हवाई दलाच्या नियंत्रकाचा असतो, कारण तळ त्यांचा, टॉवर त्यांचा. गोव्यात दाबोळीला तेच, फक्त तिथं घरमालक नौदल. तिथल्या तळाला आयएनएस हंसा म्हणतात. तिथं एक उतार बांधलेला आहे, पुढचं टोक वर उचललेलं, विमानवाहू जहाजाच्या नाकासारखं. नौदलाची मिग-२९के त्याच्यावरून झेप घेतात, आणि उतरताना विमानाच्या पोटामागचा आकडा आडव्या तारेत अडकवण्याचा सराव करतात. जमिनीवर हात बसल्याशिवाय हलत्या जहाजावर कुणाला पाठवता येत नाही. नौदलाच्या सरावांसाठीच बरीच वर्षं सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेआठ ते दुपारी एक, दाबोळी नागरी विमानांना बंद असे.

सरावाला एवढं मोकळं आकाश कशाला, असं लोक विचारतात. प्रवासी विमान म्हणजे तासातला बैल. नांगर धरणाऱ्याला माहीत असतं तो पुढे कुठे जाणार. सरावातलं लढाऊ विमान म्हणजे दावं सोडलेलं वासरू. मिनिटाला पंधरा किलोमीटर जातं, आणि पुढच्या मिनिटाला वर जाईल, खाली जाईल की उलटं वळेल, ते त्याचं त्यालाच ठाऊक. नागरी विमानं आम्ही एकमेकांपासून हजार फूट वर-खाली ठेवतो. वासराला हजार फूट म्हणजे काहीच नाही. म्हणून त्याला अख्खा गोठा द्यावा लागतो, जमिनीपासून थेट वरपर्यंत.

तो दिला नाही तर काय होतं, ते जपाननं पाहिलं. ३० जुलै १९७१. चितोसेहून टोकियोला निघालेलं ऑल निप्पॉनचं बोइंग ७२७ शिझुकुइशी गावावरून चाललं होतं, अठ्ठावीस हजार फुटांच्या आसपास. त्याच आकाशात हवाई दलाचा एक शिक्षक आणि त्याचा शिकाऊ वैमानिक सेबर विमानांतून सराव करत होते. शिकाऊ पोराचं सगळं लक्ष शिक्षकाच्या विमानावर. प्रवासी विमान दिसलं तेव्हा वेळ गेली होती. बोइंगमधले १६२ जण गेले. पोरगा छत्रीनं उतरला आणि वाचला. बावीस वर्षांचा होता तो. त्यानंतर जपाननं सरावाची आकाशं आणि प्रवासी मार्ग वेगळे केले.

आपल्याकडचं चरखी दादरी तुम्हाला माहीतच आहे. १२ नोव्हेंबर १९९६, सौदीचं जंबो आणि कझाकस्तानचं इल्युशिन, ३४९ माणसं. कझाक विमान पंधरा हजार फूट सोडून खाली आलं, हे मुख्य कारण. पण दिल्लीभोवतीच्या आकाशाचा मोठा भाग हवाई दलाकडे होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्या नागरी विमानांना वाट एकच होती, समोरासमोरची, हेही तितकंच खरं. त्या वेळच्या रडारवर विमान दिसायचं, पण त्याची उंची दिसायची नाही. नंतर वाटा वेगळ्या झाल्या, नवं रडार आलं, विमानात टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. त्यावर वेगळं व्याख्यान होईल.

तेव्हा सरावाच्या गोठ्याला भिंती हव्यात. माझा भिंतींना विरोध नाही. माझं म्हणणं आहे ते भिंतीच्या आतलं वासरू घरी गेल्यावर काय होतं, याबद्दल.

आता थोडं आडवळण घेतो. माझे वडील, आमचे दादा, नीरा उजव्या कालव्यावर पाटकरी होते. इथल्या निम्म्या लोकांच्या आजोबांशी त्यांची भांडणं झालेली असणार. (हशा, टाळ्या) चारीला पाणी सुटलं की पाळ्या लागायच्या. अमक्याची रात्री दहा ते दोन, तमक्याची दोन ते सहा. मी सातवीत असेन. दादांबरोबर कंदील घेऊन चारीच्या कडेनं जायचो, पायात चिखल, अंगावर घोंगडं. एका रात्री बघतो तर दहा ते दोनवाल्याचं रान बाराच्या आधीच भिजलेलं. वाफे तुडुंब. बांध फुटून पाणी ओढ्याला लागलेलं, खळखळ आवाज येतोय. आणि मालक झोपलेला, खोपीत. दादांनी उठवलं. म्हणाले, ‘रान भिजलं तर खालच्याला सांगायचं नाय व्हय?’ तो डोळे चोळत म्हणाला, ‘माझी पाळी दोनपर्यंत हाय.’

त्याचं चुकलं नव्हतं. कागदावर पाळी दोनपर्यंतच होती. त्यानं पाणी चोरलं नव्हतं की जास्त घेतलं नव्हतं. पण खाली शेवटच्या रानात एक म्हातारी दारं धरायला उभी होती, फावडं हातात घेऊन, अंधारात कोरड्या चारीकडे बघत. दादांनी त्या माणसाला शिवी दिली नाही. त्याला हाताला धरून चारीनं खाली चालवत नेलं, पाऊण मैल, आणि म्हातारीसमोर उभं केलं. काही बोलले नाहीत. तो माणूस तिथंच चारीच्या कडेला बसला. पुढच्या पाळीला, आणि त्याच्या पुढच्या, रान भिजलं की तो स्वतः कंदील हलवायचा. वरून कंदील हलला की म्हातारी दार मोडायची. मी तो कंदील पाहिलाय. लांबून एवढासा ठिपका, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे...

(अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली.) दहा मिनिटं राहिली म्हणतात. मग रडारचे नकाशे आणले होते ते राहू द्या. मुद्द्यावर येतो.

मी ज्या केंद्रात होतो, तिथं आमच्या पडद्यावर सरावाचा एक मोठा चौकोन असायचा, त्याला आम्ही ‘एरिया’ म्हणायचो. एका तळानं तो दुपारी एकपर्यंत राखून ठेवलेला. माझी विमानं त्याला वळसा घालून जायची. एअरबस ए-३२० मिनिटाला साधारण चाळीस किलो इंधन जाळतं. सहा मिनिटांचा वळसा म्हणजे अडीचशे किलोच्या घरात, एका विमानाचं. एक दिवस अकरा चाळीसला मी हॉटलाइन उचलली. पलीकडे तरुण आवाज. विचारलं, सराव कुठवर आलाय? म्हणाला, ‘सर, आमची सगळी विमानं अकराला उतरली.’ म्हटलं, मग एरिया सोडल्याचं कळवलं का नाही? म्हणाला, ‘सर, आमच्याकडे एकपर्यंत आहे.’

मंडळी, माझ्या अंगावर काटा आला. ते वाक्य मी सातवीत ऐकलं होतं.

(श्रोत्यांतून एक माजी सैनिक उभे राहिले आणि म्हणाले, सरावाला आकाश कमी पडलं तर लढाईत माणूस मरतो.) खरं आहे, आणि तुमच्या गणवेशाचा मान ठेवून सांगतो, मी एक फूटभरही आकाश कमी करा म्हणत नाही. मी सैन्याविरुद्ध बोलतोय असा समज घेऊन कृपा करून घरी जाऊ नका. सातारा जिल्ह्यात येऊन तसं बोलायची माझी छाती नाही आणि इच्छाही नाही. (टाळ्या) तुम्हाला दोन तास हवेत, दोन घ्या. तीन हवेत, तीन घ्या. फक्त काम दीड तासात संपलं तर अर्धा तास परत द्या. यात तुमचाही फायदा आहे. ढगामुळे सराव उशिरा सुरू झाला आणि वीस मिनिटं जादा लागली, तर ती आमच्याकडूनच मागायची असतात. जो वेळेत परत देतो, त्याला जादा देताना आमचा हात आखडत नाही.

आता तर हे सरकारी धोरणही आहे. युरोपनं आकाशाचा लवचीक वापर १९९६ साली सुरू केला. आपल्याकडे मे २०२० मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितलं की देशाचं ६० टक्केच आकाश नागरी विमानांना मोकळं आहे, आणि निर्बंध सैल केले तर वर्षाला सुमारे हजार कोटी वाचतील. सराव नसताना लष्करी आकाशातून जाणारे सशर्त मार्ग निघाले. चांगलं झालं. पण मार्ग सशर्त असतो, म्हणजे कुणीतरी फोन उचलून ‘झालं’ म्हणावं लागतं. यंत्रं कितीही आणा, शेवटी तो कंदील माणसालाच हलवावा लागतो. विमान उडाल्याची वेळ नोंदवहीत लिहितात, तशी एरिया परत दिल्याचीही लिहा. आणि तळावरच्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला आठवडाभर आमच्या खोलीत बसवा, आमच्यातल्याला त्यांच्याकडे. तोंडओळख नसेल तर फोन जड होतो.

(अध्यक्ष उठून उभे राहिले.) दोन मिनिटं, अध्यक्षमहाराज, एवढंच सांगून बसतो.

त्या तरुण अधिकाऱ्याची मी तक्रार केली नाही. चहाला बोलावलं. सुट्टीच्या दिवशी आला, साध्या कपड्यात. मी त्याच्यासाठी पडद्याजवळ खुर्ची ठेवली आणि त्या दिवशीचं रेकॉर्डिंग लावलं. त्याचा चौकोन, आत एकही ठिपका नाही. आणि कडेकडेनं सात विमानं, एकामागून एक, कोपऱ्याला वळसा घालून चाललेली. तो बराच वेळ बघत राहिला. एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाला, ‘यात किती माणसं असतील?’ मी म्हटलं, दीडशे-पावणेदोनशे. तो पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. चहा तसाच निवला.

पुढच्या सोमवारी साडेअकराच्या सुमाराला हॉटलाइन वाजली. मी हॅलो म्हणायच्या आत तोच बोलला, ‘सर, शेवटचं विमान फायनलला आहे. चाकं टेकली की एरिया तुमचा.’ मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. मिनिटभरानं तो म्हणाला, ‘टेकली.’ मी शेजारच्या नियंत्रकाकडे बघून मान हलवली आणि त्यानं रांगेतल्या पहिल्या विमानाला सरळ वाट दिली.