आवडलेला चित्रपट दुसऱ्याला सांगताना

एखादा चित्रपट मनापासून आवडला की तो दुसऱ्याला सांगितल्यावाचून आपल्याला राहवत नाही. ही ओढ सार्वत्रिक आहे आणि निर्मळही आहे. आपल्या देशातील फिल्म सोसायट्यांची चळवळ या ओढीतूनच जन्माला आली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. परंतु चित्रपट सांगणे म्हणजे केवळ त्याचे नाव सांगणे काय, एवढाच प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

1947 साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या काही मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटीची स्थापना केली. परदेशातील उत्तम चित्रपट त्या काळी आपल्याकडे सहजासहजी पाहावयास मिळत नसत. चित्रपटाची प्रत मिळवावयाची, प्रक्षेपक आणावयाचा, सभासद जमवावयाचे आणि खेळ संपल्यावर चर्चा करावयाची, असा तो खटाटोप असे. 1950 साली राय कामानिमित्त लंडनला गेले असता त्यांनी डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ पाहिला. सायकल चोरीला गेलेला एक गरीब कामगार आणि त्याचा लहान मुलगा यांची ही साधी कथा प्रत्यक्ष रस्त्यांवर आणि नवख्या नटांना घेऊन चित्रित झाली होती. त्या दर्शनाने राय यांचा निश्चय दृढ झाला आणि 1955 साली ‘पथेर पांचाली’ पडद्यावर आला. एका पाहण्यातून दुसरी निर्मिती घडते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते द्यावे?

पुढे 1959 साली देशातील फिल्म सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला आणि राय त्याचे पहिले अध्यक्ष झाले. 1965 साली तिरुवनंतपुरम येथे ‘चित्रलेखा’ आणि 1968 साली मुंबईत ‘प्रभात चित्र मंडळ’ या संस्था उभ्या राहिल्या.

त्यानंतरच्या काळात मीही एका लहान शहरातील अशाच मंडळाचा कार्यकर्ता होतो. उत्साह पुष्कळ होता. समज बेताचीच होती. कचेरीतील एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांना मी आग्रहाने ‘पथेर पांचाली’ पाहावयास नेले. वादळी रात्रीचा प्रसंग सुरू झाला. तापाने फणफणलेली दुर्गा आणि दार ढकलणारा वारा पडद्यावर दिसू लागताच ते गृहस्थ उठून बाहेर गेले, ते परतलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी ते एवढेच म्हणाले, “मला पाहवले नाही.” मी त्यांना मनातल्या मनात अरसिक ठरविले, इतकेच नव्हे, तर चारचौघांत तसे बोलूनही दाखविले. काही महिन्यांनी मला कळले की, त्यांची मुलगी अशाच एका पावसाळ्यात तापाने गेली होती. त्या सभागृहात ज्यांनी तो चित्रपट सर्वांत खोलवर पाहिला, त्यांनाच मी अरसिक म्हटले होते. क्षमा मागण्यासाठी मी त्यांच्याकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, “आधी थोडे सांगायचे होते तुम्ही. मी आलो असतोच. पण मनाची तयारी करून आलो असतो.”

मित्रहो, चित्रपट रसास्वादावरील अनेक ग्रंथ मी पुढे वाचले. परंतु या एका वाक्याने मला जे शिकविले, ते त्यांपैकी कोणीही शिकविले नाही. आपण सुचवितो तो चित्रपट एका विशिष्ट माणसाला सुचवितो, आणि त्या माणसाचे आयुष्य त्याच्यासोबत सभागृहात येऊन बसते.

ही जाणीव ज्यांनी प्रत्यक्ष आचरणात आणली, त्यांत के. व्ही. सुब्बण्णा यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील हेग्गोडु या खेड्यात त्यांच्या ‘नीनासम’ या संस्थेने 1973 साली चित्रपटांसाठी स्वतंत्र शाखा सुरू केली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी तेथे चित्रपटांच्या प्रती पाठविल्या. रसास्वादाचे अध्यापक सतीश बहादुर यांनी तेथे वर्ग घेतले. सुपारीच्या बागांत राबणाऱ्या माणसांनी जगातील श्रेष्ठ चित्रपट पाहिले. ‘हे आपल्या लोकांना समजणार नाही’ असे सुब्बण्णा यांनी आधीच ठरवून टाकले नाही, आणि चित्रपट लोकांपुढे टाकून ते निघूनही गेले नाहीत. नायर यांच्या जीवनावरील 2012 सालच्या ‘सेल्युलॉइड मॅन’ या माहितीपटात हेग्गोडुचे ग्रामस्थ वर्षांपूर्वी पाहिलेल्या त्या चित्रपटांच्या आठवणी सांगताना दिसतात.

आज प्रतीसाठी वणवण करण्याची गरज फारशी उरलेली नाही. असंख्य चित्रपट घरबसल्या पाहता येतात आणि आपल्या मागील निवडीवरून पुढील नाव यंत्रच सुचविते. ही सोय मी तुच्छ मानीत नाही. तिच्यासाठी आमची पिढी तरसली होती. परंतु आपण काय पाहिले एवढेच यंत्राला ठाऊक असते. आपण मध्येच उठून का गेलो, हे ते विचारीत नाही. ते विचारणे हे मित्राचे काम आहे.

यास्तव माझी विनंती एवढीच, की आपण दहा नावांची यादी देण्यापेक्षा एका माणसाला एक चित्रपट सांगावा. तो आपल्याला का आवडला, हे दोन वाक्यांत सांगावे. त्यात काय दुखविणारे आहे, हेही सांगावे. शक्य असल्यास शेजारी बसून पाहावा. आणि त्याला तो आवडला नाही, तर वाद घालण्यापूर्वी त्याचे म्हणणे पुरतेपणी ऐकून घ्यावे. कदाचित त्यानेच तो आपल्यापेक्षा अधिक पाहिलेला असेल.