शाईचा कण आणि पाण्याचे सख्य

आमच्या घरी पणजोबांची मोडीत लिहिलेली जमाखर्चाची एक चोपडी होती. कित्येक वर्षे ती पेटीत पडून होती, पण अक्षर कसे, काल लिहिल्यासारखे काळेभोर! एका पावसाळ्यात वरचे कौल सरकले आणि रात्रभर पेटीत पाणी गळले. सकाळी पाहतो तो अर्ध्या पानांवर अक्षरांच्या जागी नुसते करडे ओघळ. इतक्या वर्षांना न डगमगलेली शाई एका रात्रीच्या पाण्याला कशी बळी पडली? याच प्रश्नाविषयी मी आज तुमच्याशी बोलणार आहे.

ती शाई म्हणजे दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक, पाण्यात तासन् तास घोटलेला. काजळी हे रंगद्रव्य आहे. साखर पाण्यात विरघळते, तसे रंगद्रव्य विरघळत नाही. त्याचे कण कणच राहतात. म्हणून विरघळणाऱ्या रंगांच्या मानाने ते उन्हात सहसा कमी विटते. पण म्हणूनच त्याला पाण्यात नांदवणेही कठीण. चिमूटभर काजळी पाण्यात टाकून पाहा. ती वर तरंगेल, ढवळलीत तर तिचे गोळे होतील. तीच काजळी डिंकाच्या पाण्यात चांगली खलून टाका. पाणी एकसारखे काळे होईल. डिंकाने काय केले बरे?

बारीक कणांना एकमेकांची ओढ असते. पाण्यात ते सारखे थरथरत हिंडतात, एकमेकांवर आदळतात आणि एकदा चिकटले की सुटत नाहीत. डिंक हा निसर्गाने घडवलेला पॉलिमर, म्हणजे बहुवारिक. लहान घटक जोडून झालेली लांबच लांब साखळी. तिचा काही भाग कणाला धरतो, उरलेला पाण्यात पसरतो. अरुंद बोळातून छत्र्या उघडून दोघे समोरासमोर आले, तर खांद्याला खांदा लागेल काय? छत्र्याच एकमेकींना अडवतील. कणांचेही तसेच होते.

तुम्ही म्हणाल, हे काम साबणही करील. करतो, पण साबणाचा रेणू आखूड. तो एका टोकाने धरतो आणि चटकन सुटतोही. पॉलिमर काकडीच्या वेलासारखा अनेक तणाव्यांनी धरतो. एक सुटला तरी बाकीचे सोडीत नाहीत. मात्र साखळी फार लांब झाली, तर तीच दोन कणांना धरून त्यांची मोट बांधते! तेव्हा लांबी बेताची हवी आणि क्रमही हवा: कणाला धरणारे घटक एकीकडे, पाण्याशी सख्य असणारे दुसरीकडे.

नेहमीच्या पद्धतीने पॉलिमर केला, तर हे घटक कसेही मिसळतात. १९५६ साली मायकेल श्वार्त्स यांनी ‘जिवंत’ पॉलिमर दाखवले. त्यांत साखळीचे टोक जागे राहते. एक प्रकारचे घटक संपले की दुसऱ्या प्रकारचे जोडता येतात, गजऱ्यात आधी अबोली, मग मोगरा ओवावा तसे. परंतु पाण्याचा अंशही त्या क्रियेला खपत नसे. १९८३ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या रसायनज्ञांनी ॲक्रिलिक जातीच्या घटकांसाठी एक सोयीची पद्धत जाहीर केली. १९९० नंतरच्या दशकात तसे पॉलिमर छपाईयंत्रांच्या शाईत आले. त्या यंत्राचे छिद्र केसाहूनही बारीक असू शकते. त्यातून जाणारा कण सुमारे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. कणांची मोट झाली की छिद्र तुंबलेच! पुढे १९९५ आणि १९९८ साली याहून मोकळ्या हाताने क्रम राखणाऱ्या पद्धती निघाल्या.

आता खरा पेच पाहा. बाटलीत असताना पॉलिमरने पाण्याशी सख्य ठेवावे आणि कागदावर गेल्यावर ते तोडावे, अशी आपली मागणी! पणजोबांच्या डिंकाला ते जमले नाही. वाळला तरी तो पाण्याचा सोबती राहिला. पाणी आले, तसा काजळीला घेऊन निघाला. यावर एक युक्ती अशी: पॉलिमरवर आम्लाचे गट ठेवायचे आणि अमोनियासारख्या उडून जाणाऱ्या अल्कलीने ते विरघळते करायचे. वाळताना अमोनिया उडतो, आम्ल मागे राहते आणि पॉलिमर पाण्याला दाद देत नाही.

हा खटाटोप केवळ शाईसाठी नाही. टर्पेंटाइनसारख्या द्रवात कालवलेला रंग बंद खोलीत दिवसभर लावणाऱ्या रंगाऱ्याला विचारा. डोके का दुखते, ते तो सांगेल. ती वाफ त्याच्या छातीत जाते. त्या द्रवाच्या जागी पाणी आणायचे, तर कणाला पाण्यात नांदवणारा आणि वाळल्यावर पाणी विसरणारा पॉलिमर पाहिजे. पणजोबांची पाने काही परत येणार नाहीत. पण त्यांनी डिंक घोटून जो प्रश्न अर्धा सोडवला, त्याचा उरलेला अर्धा भाग आज प्रयोगशाळेत घोटला जात आहे. रंगाऱ्याचा श्वास त्या अर्ध्या भागात आहे.