हेडमास्तर ॲस्टन आणि दोन रंगीत कार्डे

फुटबॉलच्या सामन्यात गोल करणाऱ्याचे नाव प्रेक्षकांस वर्षानुवर्षे आठवते. पंचाचे नाव मात्र तो चुकला तरच ध्यानात राहते. केनेथ ॲस्टन या इंग्रज पंचाच्या वाट्यास हे दुर्दैव पुरेपूर आले. तरीही त्यांच्या डोक्यातून निघालेली एक वस्तू आज जगातील बहुतेक पंचांच्या खिशात असते.

ॲस्टन यांचा जन्म १९१५ साली कोलचेस्टर येथे झाला. पेशाने ते शिक्षक. १९३६ साली ते पंच झाले. महायुद्धात तोफखान्यातून हिंदुस्थानी सैन्यात त्यांची बदली झाली व लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत ते चढले. पुढे इलफर्ड येथील एका प्राथमिक शाळेचे ते हेडमास्तर झाले. त्या काळी रेषेवरील सहायकांच्या हाती यजमान संघाच्या रंगाची निशाणे असत. धुक्यात ती दिसेनात, म्हणून ॲस्टन यांनी भडक पिवळी व तांबडी निशाणे वापरण्याचा प्रघात पाडला.

त्यांच्या कसोटीचा दिवस उजाडला २ जून १९६२ रोजी, चिलीच्या सांतियागो शहरी. विश्वचषक स्पर्धेत यजमान चिलीची गाठ इटलीशी पडली होती. चिली देश १९६० च्या भीषण भूकंपातून नुकता सावरत होता. अशा वेळी इटलीच्या दोन पत्रकारांनी त्या शहराची व तेथील लोकांची निंदा करणारे लेख लिहिले. मग मैदानावर खेळ कसला, हाणामारीच झाली! खेळाडूंच्या भाषा स्पॅनिश आणि इटालियन, पंचाची इंग्रजी. आरंभीच इटलीच्या फेरीनीस त्यांनी बाहेर जाण्यास फर्मावले, तर तो गृहस्थ हलेचना. अखेर पोलिसांनी त्यास बाहेर नेले. चिलीच्या सांचेझने डेव्हिडला ठोसा लगावला, त्यास शिक्षा झाली नाही. थोड्याच वेळाने डेव्हिडने सांचेझला लाथ मारली, त्यास मात्र बाहेर काढले. सांचेझच्या दुसऱ्या एका ठोशाने मास्कियोचे नाक मोडले. नऊ गड्यांनिशी खेळणारी इटली २-० अशी हरली. पंचास सर्वच गोष्टी दिसत नाहीत हे खरे; परंतु सांचेझ शेवटपर्यंत मैदानात राहिला, याचे समर्थन कोणासही करता येणार नाही.

त्या स्पर्धेत ॲस्टन यांनी पुन्हा पंचगिरी केली नाही. त्यांची पत मात्र बुडाली नाही. १९६३ साली इंग्लंडच्या एफ. ए. चषकाचा अंतिम सामना त्यांनीच चालविला. १९६६ च्या विश्वचषकात तर सर्व पंचांवर देखरेख करण्याचे काम त्यांच्याकडे होते. तेथे वेम्ब्लीवर जणू सांतियागोचीच पुनरावृत्ती झाली. जर्मन पंच क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाच्या रातीन या कर्णधारास बाहेर काढले. पंचास स्पॅनिश येत नव्हते, रातीन जागचा हलेना, आणि खेळ कित्येक मिनिटे खोळंबला. शेवटी ॲस्टन स्वतः मैदानात उतरले व त्यांनी त्याची समजूत घातली. त्याच सामन्यात चार्ल्टन बंधूंस ताकीद मिळाल्याचे त्यांना स्वतःला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांवरून कळले, ही गोष्ट तर अधिकच चमत्कारिक!

मोटारीने परतताना केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवरील रहदारीचा दिवा तांबडा झाला आणि त्यांना युक्ती सुचली. पिवळा म्हणजे सांभाळा, तांबडा म्हणजे थांबा, मैदान सोडा. हे समजण्यास कोणत्याही भाषेची गरज नाही. वर्गात कलकलाट चालला असता ओरडणाऱ्या मास्तरापेक्षा फळ्याकडे बोट दाखविणारा मास्तर अधिक काम साधतो, हे हेडमास्तरांस निराळे शिकावयास नको होते.

१९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकात ही कार्डे प्रथम वापरली गेली. त्या स्पर्धेत तांबडे कार्ड एकदाही निघाले नाही. विश्वचषकातील पहिले तांबडे कार्ड १९७४ साली पश्चिम जर्मनीविरुद्ध खेळणाऱ्या कार्लोस काझेली यास मिळाले, आणि तो चिलीचाच खेळाडू होता. ज्या इंग्लंडात ही कल्पना जन्मली, तेथील लीगने ती १९७६ साली स्वीकारली, १९८१ साली टाकून दिली आणि १९८७ साली पुन्हा उचलली. ॲस्टन २००१ साली वारले.